‘जोईए’वर अडकलेला प्रस्ताव वरच्या साहेबांकडून मंजूर कसा करून घ्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) अडीचशे माणसांच्या कंपनीत तुम्ही मेंटेनन्स बघता. दाबाची हवा पुरवणारा ३७ किलोवॅटचा एकच जुना स्क्रू कॉम्प्रेसर दोन पाळ्या चालतो, त्यातला ६० टक्के वेळ लोडवर (हवा भरत) आणि ४० टक्के वेळ अनलोड (नुसता फिरत). सुट्टीच्या दिवशी केलेल्या चाचणीत हवेची गळती कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के निघाली. व्हीएफडी (गरजेप्रमाणे मोटरची गती बदलणारा ड्राइव्ह असलेल्या) कॉम्प्रेसरसाठी दहा लाख आणि गळती १० टक्क्यांवर आणायला साठ हजार, असा प्रस्ताव तुम्ही २२ स्लाइड करून मांडलात आणि शेवटी ‘सव्वादोन वर्षांत पैसे वसूल’ असं लिहिलंत. सीएफओंनी (वित्तप्रमुखांनी) दोन प्रश्न विचारले, धाकटे डायरेक्टर गप्प राहिले, मोठ्या शेठनी ‘जोईए’ (गुजरातीत ‘बघू’) म्हणून पुढचा विषय घेतला. त्याला चार महिने झाले. आता ‘वरच्या लोकांना पटवायचं कसं’ असं तुम्ही विचारताय.

तुमचं म्हणणं त्यांना पटलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. घोडं अडलंय दुसरीकडे. त्या खोलीत तीन माणसांना तीन वेगळ्या कारणांसाठी हो म्हणायचं होतं. तुम्ही तिघांपुढे एकच कारण ठेवलंत, विजेच्या बचतीचं, आणि त्यातला आकडाही कच्चा होता. सीएफओला आकडा कच्चा वाटला की तो तसं तोंडावर म्हणत नाही. तो दोन प्रश्न विचारून गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की शेठ ‘जोईए’ म्हणतात. हे बहुतेक कंपन्यांत असंच चालतं.

कंपनी कोणाची आहे यावर पुढचं बरंच अवलंबून आहे, म्हणून तेवढं आधी सांगतो. मी पुढे जे लिहितोय ते घरच्या मालकीच्या, शेठ-मुलगा-सीएफओ अशा रचनेच्या कंपनीसाठी आहे. सावली-हालोलकडच्या परदेशी कंपन्यांत भांडवली खर्चाचा ठरलेला फॉर्म असतो, किती वर्षांत पैसे परत आले पाहिजेत याची मर्यादा वरून आलेली असते, आणि ती ओलांडली की स्थानिक साहेबाच्या हातात फारसं काही उरत नाही. सरकारी कंपनीत कोणाला किती रकमेपर्यंत अधिकार आहेत हे कागदावर असतं, तिथे फाइलवरची टिपणी आणि निविदेचे निकष यांना महत्त्व. तुमच्याकडे यातलं काहीच लिहिलेलं नसणार. म्हणजे निर्णय माणसांवर चालतो, आणि माणसं कळली पाहिजेत.

पण आधी आकडा. तो पक्का नसेल तर बाकीची सगळी हुशारी वाया जाते.

कोणताही प्रस्ताव तपासताना मी पहिल्यांदा युनिटचा दर बघतो. तुम्ही ९ रुपये धरलाय. महिन्याचं एकूण बिल भागिले युनिट असं करून तो काढलेला दिसतो. हा दर बचतीसाठी चालत नाही, कारण मध्य गुजरात वीज कंपनीच्या एचटी (उच्च दाबाच्या) बिलात डिमांड चार्ज, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढता याचा आकार, वेगळा असतो. प्रत्यक्ष डिमांड घसरली तरी बिलासाठी धरली जाणारी डिमांड करारातल्या डिमांडच्या ८५ टक्क्यांखाली जात नाही. कॉम्प्रेसरने युनिट कमी खाल्ले म्हणून तो भाग कमी होणार नाही. बचतीसाठी फक्त एनर्जी चार्ज, इंधन अधिभार आणि त्यावरची वीज ड्यूटी एवढंच धरायचं. तुमच्या बिलावरून तुम्ही नेमका काढा. इथे मी साडेसात रुपये धरतो.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. तुम्ही गळती आणि नवं यंत्र यांची बचत एकाच बेरजेत घातलीत. ती वेगळी करून बघा. वर्षाचे ४,८०० तास, लोडवर विजेची ओढ ४० किलोवॅट, अनलोडवर त्याच्या ३० टक्के म्हणजे १२ किलोवॅट. आज यंत्र वर्षाला १,३८,२४० युनिट घेतं. गळती २५ वरून १० टक्क्यांवर आली की लोडचा वेळ ६० वरून ४५ टक्के होतो, म्हणजे ७२० तास कमी. पण जुनं यंत्र त्या तासांत बंद पडत नाही, अनलोड चालतच राहतं, म्हणून तासाला ४० नाही, २८ किलोवॅटच वाचतात. २०,१६० युनिट, साधारण दीड लाख रुपये. खर्च साठ हजार. पाच महिन्यांत वसूल.

आता उरलेल्या हिशेबावर नवं यंत्र ठेवा. अनलोडच्या उरलेल्या ५५ टक्के वेळातले, म्हणजे २,६४० तासांतले, १२ किलोवॅट ते वाचवतं: वर्षाला ३१,६८० युनिट, २ लाख ३८ हजारांच्या आसपास. ड्राइव्हमध्ये स्वतःचे तीन-चार टक्के जातात, पण दाब एकसारखा राहत असल्यामुळे सरासरी दाब अर्धा बार खाली ठेवता येतो आणि तेवढेच टक्के परत मिळतात (दर बारमागे वीज साधारण सहा-सात टक्क्यांनी बदलते). ते एकमेकांत फिटले असं धरू. दहा लाख भागिले २ लाख ३८ हजार म्हणजे चार वर्षं आणि वर दोन-अडीच महिने.

तुमच्या सव्वादोन वर्षांची ही खरी गोष्ट. साठ हजारांच्या कामाची स्वस्त बचत दहा लाखांच्या यंत्राने उसनी घेतली होती. सीएफओंनी ही आकडेमोड केली असेलच असं नाही, पण ‘गळती आधी बंद केली तर?’ हा त्यांचा एक प्रश्न असणार, असं मी पैजेवर सांगतो. आणि त्याला तुमच्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून प्रस्तावाचे दोन तुकडे करा. गळतीचं काम शेठपर्यंत न्यायचंच नाही. साठ हजार प्लांट हेडच्या अधिकारात बसत असतील, नसतील तर तीस-तीसच्या दोन टप्प्यांत बसतील. मात्र हे टप्पे त्यांना सांगून, त्यांच्या संमतीनेच करायचे. एफआरएलचे (फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरचे) ड्रेन, क्विक कपलिंग, फुटलेले पीयू (पॉलियुरेथेन) पाइप, सिलिंडरच्या सील आणि कोणी तरी उघडे ठेवलेले ब्लो-गनचे कॉक, बहुतेक गळती इथेच सापडते. सात बारवर ३ मिलिमीटरचं एक भोक कॉम्प्रेसरवर तीन-चार किलोवॅटचा बोजा टाकतं. प्रत्येक जागेला नंबरचा टॅग लावा, आधीची आणि नंतरची चाचणी सारखीच करा: यंत्रं बंद, लाइन चालू, आणि घड्याळ लावून लोडचा वेळ भागिले लोड अधिक अनलोडचा वेळ. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड आलं तर २५ टक्के. पाच-सहा फेऱ्यांची सरासरी घ्या, आणि त्या वेळी अकाउंट्समधला एक माणूस शेजारी उभा ठेवा. त्याला कॉम्प्रेसरमधलं काही कळायची गरज नाही. आकडा त्याच्यासमोर निघाला एवढं पुरे, कारण पुढे सीएफओ त्यालाच विचारणार आहेत.

हे काम झालं की तुमच्या नावावर एक लहान, मोजलेला निकाल जमा होतो. दहा लाख मागताना याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याच स्लाइडचा होत नाही.

आता दहा लाखांचा तुकडा. सव्वाचार वर्षं हा आकडा एकट्याने उभा राहणारा नाही. मग यंत्र घ्यायचं कशासाठी? तुमच्याच प्रश्नात एक ओळ आहे जी तुम्ही सहज लिहून गेलात: कंपनीत कॉम्प्रेसर एकच आहे. तो बसला तर सगळे न्यूमॅटिक (हवेवर चालणारे) फिक्स्चर बसतात. भाड्याचा डिझेल कॉम्प्रेसर आणून जोडेपर्यंत एक पाळी सहज जाते, दोनही जातील. एका दिवसात किती रुपयांचा माल बाहेर पडतो आणि ग्राहक उशिराला किती दंड लावतो, हे दोन आकडे डिस्पॅचकडून घ्या. नवा कॉम्प्रेसर मुख्य आणि जुना स्टँडबाय, असा प्रस्ताव झाला की विषय विजेचा राहत नाही. शिवाय जुन्याचे चालू तास बघा. एअर-एंडचं (हवा दाबणाऱ्या मुख्य भागाचं) ओव्हरहॉल येत्या वर्षात येणारच असेल आणि स्टँडबायला टाकल्यामुळे ते पुढे जाणार असेल, तर तो टळलेला खर्चही हिशेबात येतो. समजा तो अडीच लाख असेल, तर तुमचे जास्तीचे खरे पैसे साडेसात लाख, आणि वसुली तीन वर्षं दोन महिन्यांची. फक्त ‘टळलेला’ आणि ‘पुढे गेलेला’ यात फरक आहे, तो तुम्हीच लिहा. सीएफओंनी काढून दाखवला तर तुमचं वजन कमी होतं.

माणसांकडे वळू.

प्लांट हेड तुमचे वरिष्ठ. त्यांना टाळून वर गेलात तर प्रस्ताव उत्तम असला तरी तो मरतो, आणि वर तुमचं नाव खराब होतं. त्यांची भीती साधी असते: बदलाच्या दिवसांत हवा कमी पडली तर शिव्या मला पडणार. त्यांना सांगायचं ते एवढंच: नवं यंत्र बायपास लाइनने समांतर जोडणार, जुनं पहिले दोन महिने जागचं हलवणार नाही, शेवटची जोडणी शटडाउनमध्ये. पाइपिंगचं हाताने काढलेलं एक चित्र सोबत न्या.

सीएफओंना नफ्यापेक्षा रोख आणि वेळ जास्त दिसते. त्यांच्याशी पंधरा मिनिटं मागा आणि हिशेबाची एक्सेल आधल्या दिवशी पाठवा, सूत्रं उघडी ठेवून. त्यांना विचारा, ‘यातला कोणता आकडा तुम्हाला जास्त वाटतो?’ ते जो बदलतील तो तसाच ठेवा, वाद घालू नका. त्यांनी दर सातवर आणला तर सातच. सभेत तो आकडा मग त्यांचाही असतो. कर आणि घसारा त्यांचा प्रांत आहे, पण एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत यंत्र चालू झालं नाही तर दहा लाखांवर दीड लाखाऐवजी पंचाहत्तर हजार. पंचवीस टक्के कर धरला तर फरक एकोणीस हजारांच्या आत, तोही बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळतो. एवढ्यासाठी शटडाउन हलवण्यात अर्थ नाही, पण हा हिशेब तुम्ही आधीच केलेला दिसला तर ते तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतील. जीएसटीची क्रेडिट मिळत असेल तर दहा लाख हा आकडा जीएसटीशिवायचा आहे हेही स्पष्ट लिहा.

धाकटे डायरेक्टर गप्प राहिले, याचा अर्थ बहुधा इतकाच की वडिलांसमोर त्यांना पहिल्यांदा बोलायचं नव्हतं. त्यांना आधी भेटा, पण ‘तुम्ही शेठना सांगा’ असं कधी म्हणू नका. बापलेकांमध्ये मेंटेनन्सच्या माणसाने पडू नये. त्यांना फक्त विचारा की शेठ यावर काय विचारतील. मिळालेलं उत्तर सोन्यासारखं असतं.

शेठना आधी वेगळं भेटायचं की नाही, हे प्लांट हेडवर सोडा.

या भेटींचा क्रम मी असाच ठेवतो: प्लांट हेड, मग सीएफओ, मग धाकटे. सगळं आठ-दहा दिवसांत उरकायचं. लांबलं तर पहिल्याचा होकार शिळा होतो.

आता कागद. २२ स्लाइड जाऊ द्या. एक पान लिहा, आणि त्याची पहिली ओळ काय हवंय ती असू द्या. तुमच्यासाठी मसुदा साधारण असा:

‘३७ किलोवॅटचा व्हीएफडी कॉम्प्रेसर घेण्यासाठी १० लाख रुपयांची (जीएसटीशिवाय) मंजुरी हवी आहे. आज प्लांटची सगळी हवा एका जुन्या यंत्रावर आहे आणि ते बंद पडल्यास दिवसाला इतक्या रुपयांचा डिस्पॅच थांबतो. गळती २५ वरून १० टक्क्यांवर आणली आहे, तिची बचत या हिशेबात धरलेली नाही. पर्याय तीन. एक, काहीच न करणे: येत्या वर्षात ओव्हरहॉलचा खर्च, जोखीम तशीच. दोन, त्याच जातीचा साधा कॉम्प्रेसर स्टँडबाय म्हणून घेणे: जोखीम जाते, वीज वाचत नाही. तीन, व्हीएफडी घेऊन जुना स्टँडबाय ठेवणे: जोखीम जाते आणि वर्षाला सुमारे २ लाख ३८ हजार वाचतात. शिफारस तिसऱ्याची. बचत तीस टक्क्यांनी कमी निघाली तर पैसे परत यायला सहा वर्षं लागतील. पैशाची शेवटची १० टक्के रक्कम चाचणीनंतर. बसवण्याची जबाबदारी माझी.’

यातली ‘तीस टक्क्यांनी कमी निघाली तर’ ही ओळ काढून टाकायचा मोह होईल. काढू नका. वाईट परिस्थितीचा आकडा तुम्ही स्वतः लिहिला की दुसरा कोणी तो शोधत बसत नाही. साध्या यंत्राच्या पर्यायाची किंमतही खरीखुरी कोटेशन घेऊन लिहा. तिसऱ्यापेक्षा तो फार स्वस्त असेल आणि तुमच्याकडे लोडमध्ये चढउतार कमी असतील, तर कदाचित तोच योग्य आहे, आणि तसं निघालं तर तसंच लिहायची तयारी ठेवा.

चाचणीबद्दल थोडं. विक्रेते आठवडाभर लॉगर लावून हवेचं ऑडिट करून देतात, बऱ्याचदा फुकट. जरूर घ्या, पण त्यांच्या अहवालाचं शेवटचं पान शेठसमोर ठेवू नका. कच्चा डेटा मागून तुमच्या एक्सेलमध्ये घाला. ऑर्डरमध्ये किती हवेला किती वीज हे पूर्ण लोडवर आणि अर्ध्या लोडवर, दोन्ही लिहून घ्या, आणि ते आकडे आयएसओ १२१७ (कॉम्प्रेसर चाचणीचं मानक) प्रमाणे आहेत असं नमूद करा. व्हीएफडी यंत्राचा पूर्ण लोडचा एकच आकडा पुरेसा नाही. तुमचं यंत्र दिवसाचा मोठा भाग अर्ध्यावर चालणार आहे. तसंच लोड सतत यंत्राच्या किमान गतीखाली जात असेल तर व्हीएफडीही थांबत-सुरू होत राहतं आणि बचत आटते. म्हणून मोठं यंत्र ‘पुढे लागेल’ म्हणून घेऊ नका.

प्रत्यक्ष सभेत तुम्हाला पंधरा मिनिटं सांगितली असतील तर सहा मिळतील असं धरून जा. पानाची पहिली ओळ वाचा, जोखमीचा आकडा सांगा, तीन पर्याय सांगा, थांबा. गुजरातीत बोलायची सवय असेल तर गुजरातीतच बोला. रक्कम लाखांत आणि बचत महिन्याची सांगा: ‘महिन्याला वीसेक हजार’ हे टक्क्यांपेक्षा लवकर पोहोचतं. थांबल्यावर शांतता झाली तर ती भरून काढायला आणखी मुद्दे काढू नका. शेठ पान उलटंसुलटं करत असतील तर करू द्या.

आणि समजा पुन्हा ‘जोईए’ आलं. तिथेच, नम्रपणे, एक प्रश्न: ‘शेठ, हो म्हणायला कोणती माहिती कमी पडतेय, आणि ती कधीपर्यंत आणू?’ उत्तर तीन प्रकारचं येतं. ‘आणखी दोन कोटेशन आण’ आलं तर काम सुरू झालं. ‘आत्ता पैसे नाहीत’ आलं तर सीएफओंना विचारा की कोणत्या महिन्यात. जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचे आकडे ठरतात तेव्हा ही ओळ त्यात बसवून घ्या. काहीच ठोस न आलं तर सध्या नकार आहे असं समजा, आणि वर्षभर दर महिन्याला त्याच विषयावर दार ठोठावू नका. कॉम्प्रेसर कधी बंद पडला, किती वेळ, किती डिस्पॅच अडकलं, एवढी नोंदवही ठेवा. पुढचा मोठा खोळंबा झाला की ती वही आणि ते पान दोन्ही तयार हवीत. त्या दिवशी ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका, नाहीतर पान कोणी वाचणार नाही.

होकार मिळाला तर त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल: काय मंजूर, किती रक्कम, कोण ऑर्डर काढणार, कोणत्या तारखेपर्यंत. तोंडी होकार आणि पर्चेस ऑर्डर यांच्यामध्ये आपल्याकडे बरीच यंत्रं हरवतात.

वेळेचं गणित शेवटचं. डिलिव्हरी आठ आठवडे धरली आणि जोडणी दिवाळीच्या शटडाउनमध्ये, लाभपाचमेच्या (दिवाळीनंतर गुजरातेत धंदे पुन्हा उघडतात त्या दिवसाच्या) आधी करायची असेल, तर ऑर्डर गणपतीच्या आसपास निघालेली हवी. म्हणजे भेटी श्रावणात. नवरात्रात बडोद्यात संध्याकाळी पाचनंतर कोणाचं लक्ष कागदावर नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. गळतीचं काम मात्र यातल्या कशालाच अडलेलं नाही. टॅग, टेफ्लॉन टेप, पीयू पाइपची एक गुंडाळी आणि दोन फिटर, येत्या सुट्टीच्या दिवशी सुरू करा.